सौ. वत्सला देवरुखकर यांजकडून

उद्या दहाला येतो, तो फोनवर म्हणाला,
ओट्याखालचं, कपाटातलं, सगळं बाहेर काढून ठेवा.
झुरळांसाठी. आमच्यासाठी कुणी असं
वेळ ठरवून येत नाही.

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला,
पाचशे ऐंशी चौरस फूट; त्यातले आमचे किती
हे मी त्या रात्री पहिल्यांदा मोजलं.
डायनिंग टेबल उल्हासनगरहून आणलेलं, हप्त्यानं.
त्याचा रंग कुणी विचारला असता
तर मला सांगता आला नसता.
वर इस्त्रीचे कपडे, निषादच्या क्लासच्या नोट्स,
लाइट बिलं, कुरिअरचे खोके, हेल्मेट,
आणि एका कोपऱ्यात वीतभर मोकळी जागा
जिथे एकेकजण जेवून जायचं:
मी पहाटे, रबाळ्याची पहिली पाळी धरायला,
हेरंब रात्री अकराला, झाकलेलं ताट उघडून.
मुलं आपापल्या गादीवर,
मांडीत ताटली, कानात बोंडं.

ओट्याखालून निघाले
श्रीखंडाचे एकोणतीस डबे, झाकणं सतरा.
मिक्सर कधीच गेला, त्याची तीन भांडी.
मेलेल्या फोनांचे चार्जर, एकमेकांत असे गुंतलेले
की घरात एवढं घट्ट दुसरं काहीच नव्हतं.
एक ज्यूसर, खोक्यातच, टेपही न फोडलेला,
आम्ही वजन कमी करणार होतो त्या वर्षीचा.
हेरंब म्हणाला, टाकू नकोस, लागेल.
मी म्हणाले, कधी?
तो जरा वेळ गप्प बसला.
मग स्वतःच उचलून दाराबाहेर ठेवून आला.

आणि तळातून ते पातेलं आलं. स्टीलचं, जड बुडाचं,
काठाशी टिंबाटिंबांत कोरलेलं:
सौ. वत्सला देवरुखकर यांजकडून सप्रेम.
ओवीनं कानातलं काढून विचारलं, कोण ही?
मी हेरंबकडे पाहिलं, हेरंबनं माझ्याकडे.
तुझ्याकडची.
नाही हं, तुमच्याकडची.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली
आणि एक बाई आमच्या ओट्याखाली
उपडी पडून होती, सप्रेम.

साडेदहाला खेडच्या मावशींना फोन, स्पीकरवर.
ती ना? ती मुलीकडची असणार.
मग माझ्या आईला जोडून घेतलं.
छे, आपल्यात देवरुखकर कुठले!
मग दोघींनी आपापल्या बाजूची
सगळी माणसं काढून आमच्या हॉलमध्ये पसरली.
कुणाची नात दुबईला, कोण मांडवात रुसून बसलं,
जिलबी कमी पडली ती कुणामुळे.
निषाद डब्यांच्या ढिगाशी बसून ऐकत होता,
मध्येच म्हणाला, बाबा, तुम्ही लग्नात रडलात?
हेरंब म्हणाला, धूर होता.

वत्सला कोण, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फवारून झाल्यावर तो म्हणाला,
तीन तास आत जाऊ नका.
खाली पार्किंगमध्ये बसलो, भंगारवाल्याच्या काट्याशेजारी.
त्रेसष्ट किलो. आठशे ब्याऐंशी रुपये.
इतक्या वर्षांचं "लागेल" या भावात गेलं.
ओवीनं त्यातल्याच पैशांनी उसाचा रस आणला.
ज्यूसर बघत होता.

टेबल तपकिरी निघालं.
त्या रात्री त्या पातेल्यात पिठलं केलं.
चौघं बसलो. फार काही बोललो असं नाही.
मीठ हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात;
ओवीनं हातातच दिलं.
मी म्हटलं, होऊ दे,
समोरासमोर तरी होईल.

सोमवारी कुरिअर आलं.
सवयीनं मी खोका टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले.
परत आले तर तो दारामागे, जमिनीवर.
कुणी हलवला, विचारलं.
कुणीच कबूल केलं नाही.